‘आधी आईकडे परत जा’ : सतरा वर्षांच्या आईला वेल्फेअरचा कायदा खरंच काय सांगतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तिथेच अडवा. तुम्ही न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवता. तुमची एक विद्यार्थिनी, वय सतरा, अमेरिकेतच जन्मलेली, चौदा आठवड्यांच्या बाळाची आई आहे. तिच्या आईच्या बॉयफ्रेंडपायी तिने घर सोडलं. नेमकं काय झालं ते ती सांगत नाही. सध्या बाळासह मैत्रिणीच्या घरी, हॉलमधल्या सोफ्यावर. वेल्फेअर ऑफिसात, म्हणजे गरीब कुटुंबांना सरकारी मदत देणाऱ्या कचेरीत, गेली तेव्हा खिडकीवर उत्तर मिळालं, "अठराच्या आत आहेस. आईकडे परत जा, नाहीतर पैसे नाहीत." आता ती शाळा सोडून दुकानात कामाला लागायचं म्हणते. असा कायदा खरंच आहे का, आणि तिला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी वकील नाही. मूळची सांगलीची, लग्नानंतर एच-फोरवर (इथे काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) इथे आले, पुढे सोशल वर्कची पदवी घेतली आणि वीसएक वर्षं एका काउंटीत याच कामात काढली. त्यातली बरीचशी वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला. त्यामुळे आतलं माणूस असं का बोलतं, तेही मला ठाऊक आहे.

कायदा आहे, ताई. पण तिला अर्धंच वाक्य सांगितलं गेलं, आणि तिच्या कामाचं जे होतं ते नेमकं उरलेल्या अर्ध्यात आहे.

22 ऑगस्ट 1996 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी वेल्फेअर सुधारणेच्या कायद्यावर सही केली. त्याआधी 1935 पासून चालत आलेली, गरीब मुलांच्या घराला रोख मदत देणारी योजना होती, आणि पात्र असाल तर मदत हा हक्क होता. नव्या कायद्याने तो हक्क काढून घेतला. त्याजागी आली टॅनफ, म्हणजे गरजू कुटुंबांना तात्पुरती मदत देणारी योजना. केंद्र सरकार सगळ्या राज्यांना मिळून वर्षाला साधारण 16.5 अब्ज डॉलर ठोक देतं, आणि राज्याने आपली योजना आपण चालवायची. आपल्याकडे तिचं नाव वर्क फर्स्ट न्यू जर्सी. नावातच सगळं आलं: आधी काम. केंद्राच्या पैशातून एका मोठ्या माणसाला आयुष्यभरात साठ महिने, पुढे राज्य वीस टक्के केसेसपुरती सवलत देऊ शकतं.

कुमारवयीन आयांसाठी या कायद्यात दोन वेगळ्या अटी आहेत. दोन्ही अठराच्या आतल्या, लग्न न झालेल्या मुलींना लागू होतात. पहिली: आई-वडील, कायदेशीर पालक किंवा दुसऱ्या सज्ञान नातेवाइकाच्या घरी राहायचं. दुसरी: बाळ बारा आठवड्यांचं झालं की हायस्कूलचं शिक्षण किंवा राज्याने मान्य केलेलं तत्सम शिक्षण चालू ठेवायचं. यातली एकही मोडली तर केंद्राच्या पैशातून रोख मदत देता येत नाही. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं ते इतकंच, आणि ते खोटं नाही.

यामागचा हिशेब असा होता, की वेल्फेअरचा चेक मिळतो म्हणून पोरी वेगळं बिऱ्हाड थाटतात. चेकला अट लावा, म्हणजे त्या घरी राहतील, शिकतील. 1991 साली पंधरा ते एकोणीस वयाच्या दर हजार मुलींमागे 61.8 बाळंतपणं होत होती, 2023 मध्ये 13.1. कायद्याचे समर्थक हा आकडा दाखवतात. मात्र घसरण कायद्याच्या पाच वर्षं आधीच सुरू झाली होती, हे सांगत नाहीत. चेकसाठी कुणी मूल जन्माला घालतं हे मला तरी कधी पटलं नाही. न्यू जर्सीत तीन माणसांच्या कुटुंबाला तीस वर्षांहून अधिक काळ महिन्याला 424 डॉलर मिळत होते. 2018 नंतर रक्कम वाढली, पण तेवढ्यात इथे भाड्याने एक खोलीसुद्धा मिळत नाही.

आता उरलेलं अर्धं वाक्य. घरी राहण्याची अट कधी लागू होत नाही, ते त्याच कलमात पुढे लिहिलंय. आई-वडील किंवा योग्य नातेवाईक हयात नसेल वा कुठे आहे ते माहीत नसेल. कुणी घरात घ्यायला तयार नसेल. त्या घरात मुलीला किंवा बाळाला गंभीर शारीरिक वा मानसिक इजा, लैंगिक अत्याचार, पिळवणूक झाली असेल किंवा होण्याचा धोका असेल. किंवा बाळाच्या भल्यासाठी अट सोडणंच बरं, असं राज्याला वाटेल. यातलं काही एक असेल तर ऑफिसने नुसतं ‘ठीक आहे’ म्हणून भागत नाही. दुसरी सुरक्षित, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालची जागा मिळवून द्यायची किंवा शोधायला मदत करायची, हे काम कायद्याने राज्यावर टाकलंय. त्यासाठी कायद्यात ‘सेकंड चान्स होम’ असा शब्दच आहे. बाळाला सांभाळणं, घरखर्च, आहार असं शिकवणारं, देखरेखीचं वसतिगृह म्हणा. अशी घरं थोडी आहेत आणि रांग लांब असते. पण ‘जागा नाही’ आणि ‘तुला हक्क नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि ऑफिसात ती सर्रास एकमेकांच्या जागी दिली जातात.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. कामाच्या दुसऱ्याच वर्षी अशीच एक मुलगी आली होती. मी तिच्यासमोर तिच्या आईला फोन लावला. आई फार गोड बोलली, म्हणाली, "घर तिचंच आहे, कधीही येऊ दे." मी फाइलवर ‘घर उपलब्ध’ लिहिलं आणि मुलीला परत पाठवलं. तिला एकटीला बसवून "त्या घरात रात्री तू कुठे झोपतेस, आणि दाराला कडी आहे का?" एवढं विचारायला मला दहा मिनिटं लागली असती. दीड महिन्याने ती पुन्हा आली, तोवर शाळाही सुटली होती. नंतर नव्या केसवर्करना शिकवताना तो कडीचा प्रश्न मी पहिल्या पानावर घेतला. "घरी काही त्रास आहे का?" असं विचारलं की शंभरातल्या नव्वद मुली ‘नाही’ म्हणतात. झोपायच्या जागेबद्दल विचारलं की बोलतात.

तुम्ही तो प्रश्न विचाराल, म्हणून आधीच सावध करते. न्यू जर्सीत मुलावर अत्याचार होत असल्याचा वाजवी संशय आला तर तो कळवण्याची जबाबदारी शिक्षकांवरच नाही, प्रत्येक माणसावर आहे. ती सतरा वर्षांची, म्हणजे कायद्याने मूलच. तेव्हा "तू सांग, मी कुणाला सांगणार नाही" असं वचन तिला चुकूनही देऊ नका. "काही गोष्टी मला कळवाव्याच लागतात, आणि त्या कळवताना मी तुझ्यासोबत असेन" हे आधी सांगा, मग विचारा. बाळ काढून नेतील, ही तिची खरी भीती असते, आणि ती काही हवेतली नाही. पण बालसंरक्षणाकडे गेलेल्या तक्रारीचा कागद हाच वेल्फेअरच्या ऑफिसात अपवादाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो, तेही तिला सांगा. आणि तिच्यावर काहीच अत्याचार झालेला नसेल, नुसतीच भांडणं असतील, तर? मग मामला राज्याच्या मर्जीवर आणि केसवर्करच्या समजुतीवर जातो. तिथे मी ठाम काही सांगत नाही.

मैत्रिणीच्या आईचं काय? ती नातेवाईक नाही, त्यामुळे ‘सज्ञान नातेवाईक’ या शब्दात बसत नाही. पण अपवाद मान्य झाला की देखरेखीची पर्यायी जागा म्हणून ऑफिस तिचं घर मंजूर करू शकतं. मी अशी घरं मंजूर केलेली आहेत. त्या बाईंनी एका कागदावर लिहून द्यावं: मुलगी कधीपासून राहते, घरात कोण कोण आहे, बाळ कुठे झोपतं, किती दिवस ठेवायची तयारी आहे. सोफ्यावर झोपते म्हणून लाजू नका, तसंच लिहा. आणि तिच्या नात्यातही नीट विचारा. आजी, मावशी, सज्ञान मोठी बहीण, वडिलांकडचं कुणी? कायदा ‘आई’ म्हणत नाही, ‘सज्ञान नातेवाईक’ म्हणतो. खिडकीवर मात्र सगळे ‘आई’च म्हणतात.

घरी परत जायचा विचार तिने केलाच, तर एक आकडा आधी काढून घ्यायला लावा. कुमारवयीन आई आपल्या आई-वडिलांकडे राहत असेल तर त्यांची कमाई तिच्या खात्यात धरायची, असा नियम 1984 मध्ये केंद्राने केला होता. 1996 नंतर तो राज्यांवर सोडला गेला आणि बऱ्याच राज्यांनी कुठल्या ना कुठल्या रूपात ठेवला. म्हणजे ‘घरी जा, मग पैसे’ म्हणून पोरगी घरी जाते, आणि घरी गेल्यावर आईच्या पगारामुळे रक्कम निघते शून्य. ही गंमत मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. म्हणून विचारायचं, "मी परत गेले तर नेमके किती डॉलर, आणि पैशांचं कार्ड कुणाच्या हातात?" अशा केसमध्ये पैसे अनेकदा मोठ्या माणसाच्या नावे जातात.

आता शाळा सोडण्याची गोष्ट. इथे मात्र मी ठाम बोलते: सोडू देऊ नका.

तिला वाटतंय की नोकरी धरली तर वेल्फेअरवाले खूश होतील. आजच्या घडीला उलट आहे. बाळ बारा आठवड्यांच्या पुढे गेलंय, म्हणजे शाळेची अट आत्ता लागू आहे. शाळा सोडली की रोख मदतीचं दार तिने स्वतःच्या हाताने बंद केलं. अठरा पूर्ण झाल्यावर या दोन्ही अटी गळून पडतात आणि ती मोठ्यांच्या नियमांत येते, म्हणजे कामाच्या तासांच्या अटीत. पण तिथेही कायद्यात एक खिडकी उघडी आहे. वीस वर्षांच्या आतली एकटी आई, जी स्वतः कुटुंबप्रमुख आहे, तिने हायस्कूलात समाधानकारक हजेरी ठेवली तर तेच काम धरलं जातं. शाळा म्हणजेच नोकरी. डिप्लोमा पुरा करायला तिला विसावा वाढदिवस येईपर्यंत मुभा आहे, आणि हे तिला कुणीही सांगितलेलं नसणार. सहा वर्षांखालच्या मुलाच्या एकट्या आईला सांभाळायची सोयच मिळाली नाही, तर काम केलं नाही म्हणून मदत कापता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मात्र सोय मिळत नाही हे तिने दाखवून द्यावं लागतं. कोणकोणत्या पाळणाघरांना फोन केले, त्याची यादी ठेवायला सांगा.

तुमच्या शाळेची बाजू तुमच्या हातात आहे. 1972 चा टायटल नाइन, म्हणजे शिक्षणात लिंगावरून भेदभाव करायला मनाई करणारा कायदा, फक्त मुलींच्या खेळांसाठी नाही. गर्भारपण किंवा बाळंतपणामुळे मुलीला शाळेबाहेर काढता येत नाही, डॉक्टर म्हणतील तेवढी रजा माफ करावी लागते, आणि परत आल्यावर आधीच्याच जागी घ्यावं लागतं. ती सोफ्यावर राहते म्हणजे शाळेच्या दृष्टीने बेघर विद्यार्थ्यांच्या कायद्यात बसते. जिल्ह्यात यासाठी नेमलेला एक संपर्क अधिकारी असतो; बसची सोयसुद्धा त्यातून होते. आणि हजेरीचं पत्र! वेल्फेअर ऑफिसला शाळेच्या लेटरहेडवरचा, तारखांसकट हजेरीचा कागद लागतो. तो वेळेवर गेला नाही म्हणून मदत थांबलेल्या मुली मी जितक्या पाहिल्या, तितक्या खरोखर शाळा बुडवणाऱ्या पाहिल्या नाहीत. ते पत्र तुम्ही स्वतः ऑफिसमधून काढून द्या.

ओहायोत 1989 पासून कुमारवयीन आयांसाठी एक योजना होती: महिनाभर शाळेत आलीस तर चेकमध्ये 62 डॉलर जास्त, नाही आलीस तर 62 कमी. कॅलिफोर्नियातही प्रगतिपुस्तक चांगलं असेल तर शंभर आणि डिप्लोमा मिळाला तर पाचशे डॉलर अशी तऱ्हा होती. केंद्राच्या कायद्यात यातला दंड तेवढा सक्तीचा झाला, बक्षीस ऐच्छिक राहिलं. माझ्या मते उलट हवं होतं, पण ते असो.

साठ महिन्यांच्या घड्याळाबद्दल तिला समजेल असं सांगा. ती आईच्या केसमध्ये ‘मूल’ म्हणून राहिली तर ते महिने तिच्या साठांतून जात नाहीत. तिच्या नावाची वेगळी केस झाली, ती स्वतः कुटुंबप्रमुख ठरली, तर अठराच्या आतले महिनेही साधारणपणे मोजले जातात. म्हणून काही केसवर्कर म्हणतात, "आत्ता घेऊ नकोस, पुढे लागतील." हा सल्ला वाईट नाही, पण बाळाचे डायपर पुढे लागणार नाहीत, आज लागतायत. तिला सुरक्षित घर नाही आणि अठरा व्हायला थोडेच महिने उरलेत; मी तिच्या जागी असते तर ते महिने खर्च केले असते.

बाळाच्या वडिलांचं नाव विचारलं जाणारच. रोख मदत घेतली की पोटगीचा हक्क राज्याकडे सोपवावा लागतो आणि पितृत्व सिद्ध करायला सहकार्य करावं लागतं. नाही केलं तर मदत किमान पंचवीस टक्क्यांनी कापली जाते. पण त्याच्यापासून धोका असेल तर सबळ कारण म्हणून सूट मागता येते. ही सूट मागावी लागते, आपोआप मिळत नाही. तो मुलगा तिच्याच वर्गातला आहे की तिशीतला, हे तिच्याकडून ऐकल्याशिवाय तुम्ही कुठल्याच फॉर्मवर काही भरू नका.

रोख मदत हे एकच दार आहे, आणि सर्वांत अरुंद. बाकीच्या दारांवर ‘घरी राहा, शाळेत जा’ अशी पाटी नाही. मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, 1996 च्या कायद्यानेच रोख मदतीपासून वेगळं केलं. त्याच्या इथल्या रूपात, न्यू जर्सी फॅमिलीकेअरमध्ये, बाळ आणि ती दोघं बसण्याची दाट शक्यता आहे. बाळंतपण मेडिकेडवर झालं असेल तर बाळाला पहिलं वर्ष नव्याने पात्रता सिद्ध करावी लागत नाही. विक या आया-बाळांच्या पोषण योजनेतून बाळाला फॉर्म्युला आणि तिला स्वतःला धान्य, दूध मिळेल: अंगावर पाजत असेल तर वर्षभर, नसेल तर सहा महिने, आणि बाळाला पाच वर्षांचं होईपर्यंत. हे आजच्या आज करण्यासारखं आहे. स्नॅपचं, म्हणजे अन्नखर्चाच्या सरकारी मदतीचं, थोडं किचकट आहे. बावीस वर्षांखालची मुलगी आई-वडिलांसोबत राहत असेल तर तिला स्वतःचं मूल असूनही ती त्यांच्याच शिधापत्रिकेत, असं समजा. मैत्रिणीकडे असताना ती वेगळं कुटुंब ठरू शकते, पण अठराच्या आत आहे आणि त्या घरावर अवलंबून आहे असं ऑफिसला वाटलं तर तिला त्या घरात धरतील. ती आणि बाळ आपलं अन्न वेगळं आणतात, शिजवतात का, खर्च कोण करतं, हे खरं खरं लिहा.

दोन गोष्टी आपल्या लोकांसाठी, कारण हे उत्तर मंडळातल्या बायकाही वाचतील. "लग्न लावून टाका, म्हणजे अटच लागू नाही" असा सल्ला मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकलाय. अट लग्न न झालेल्यांना आहे हे खरं, पण न्यू जर्सीने 2018 मध्ये अठराखालचं लग्न पूर्ण बंद केलं. विषय संपला. दुसरं, मुलगी एच-फोरवर असेल तर केंद्राच्या रोख मदतीला ती पात्रच नाही; ग्रीन कार्ड मिळालं तरी बहुतेकांना पाच वर्षं थांबावं लागतं, तेही याच 1996 च्या कायद्याने. बाळ नागरिक असेल तर बाळापुरता वेगळा अर्ज होऊ शकतो. विक व्हिसा विचारत नाही, आणि न्यू जर्सी फॅमिलीकेअर 2023 पासून एकोणीस वर्षांखालच्या मुलांचा स्थलांतराचा दर्जा न पाहता त्यांना घेतं. रोख मदतीच्या अर्जावर सही करण्याआधी मात्र इमिग्रेशन वकिलाला भेटा, कारण ग्रीन कार्डच्या वेळी रोख मदत वेगळ्या नजरेने पाहतात.

तुमच्या विद्यार्थिनीकडे परत येते. खिडकीवर जे झालं तो नकार नव्हता, नुसतं बोलणं होतं. तिने अर्ज दिलाच नसेल तर कागदोपत्री काही घडलेलंच नाही. तेव्हा पुन्हा जा, तुम्ही किंवा शाळेची समुपदेशक सोबत. अर्ज लेखी द्यायचा, आणि त्यातच लिहायचं: "मी आईच्या घरी राहू शकत नाही, अपवाद आणि राहण्याच्या पर्यायी जागेसाठी मदत मागते." हे एक वाक्य असलं की केसवर्करला तपास करावाच लागतो. सोबत मैत्रिणीच्या आईचं पत्र, हजेरीचा कागद, दोघांचे जन्मदाखले, असतील तर सोशल सिक्युरिटीचे नंबर. एखादा कागद नाही म्हणून अर्ज घेत नसतील तर "अर्ज आज घ्या, कागद नंतर आणते" म्हणायचं आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. हक्क म्हणून मदत गेली तरी सुनावणी गेलेली नाही. नकार आला तर तो लेखी मागायचा. त्यावरच अपिलाची मुदत छापलेली असते, आणि काउंटीतलं मोफत कायदा साहाय्य केंद्र नकारपत्र पाहिल्याशिवाय फारसं काही करू शकत नाही.

जमलं तर मंगळवार-बुधवारी सकाळी जा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि सोमवारी खिडकीवरच्या माणसाला कुणाचंच पूर्ण वाक्य ऐकायला वेळ नसतो. नकारपत्र हातात पडलं तर नाव-पत्ता झाकून त्यातलं कारणाचं कलम इथे लिहा. नेमका कोणता अपवाद त्यांनी नाकारला, ते पाहून पुढचं सांगते.